धान्य मिळालं, कोरड्यासाचं काय?

द्राक्षबागांची छाटणी तोंडावर आली की तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘रेशन फुकट झालं आणि माणसं माजली.’ कऱ्हाड-वाळव्याकडं ऊसलागणीच्या वेळी हेच वाक्य जरा सौम्य करून बोलतात, एवढाच फरक. त्याला उत्तर द्यायला जे सरसावतात त्यांचंही वाक्य ठरलेलं : ‘कोरोनात सरकारनं ऐंशी कोटी लोकांना धान्य दिलं, म्हणून तर कुणी उपाशी मेलं नाही.’ मग पारावर, चहाच्या गाड्यावर आणि मोबाइलवरच्या गटांत रात्री उशिरापर्यंत हीच जुंपते. दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडत असल्या तरी एक गोष्ट दोघांनी न बोलताच मान्य केलेली असते. गरिबाचं अन्न म्हणजे गहू आणि तांदूळ. तेवढं घरात पडलं की जेवणाचा प्रश्न मिटला. उरतो तो फक्त ते फुकट द्यावं की विकत, हा.

मला हे गृहीतकच मान्य नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत सातारा-सांगलीतल्या हातावर पोट असलेल्या घरांत भाकरी-चपाती कशीबशी टिकली, पण तिच्यासोबतचं सगळं, आमच्याकडं ज्याला कोरड्यास म्हणतात ते, गेलं : डाळ, तेल, शेंगदाणा, अंडं, दूध, पालेभाजी. धान्यानं जीव वाचवला हे खरं आहे, आणि ते मोफत धान्य आज बंद करा म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण साथीनं ताटात पाडलेलं भगदाड धान्यानं बुजत नाही. आपण अजूनही पोत्याकडे बघूनच भांडतो आहोत, त्यामुळे ते भगदाड कुणी मोजतच नाही.

आधी श्रेय ज्याचं त्याला द्यायला हवं. २४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दोनच दिवसांत प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेची घोषणा झाली : अन्न सुरक्षा कायद्याच्या नेहमीच्या ५ किलोवर माणशी आणखी ५ किलो धान्य फुकट. आपल्या सरकारी गाड्याचा वेग माहीत असणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटणार नाही. गोदामं भरलेली होती, दुकानांचं जाळं होतं, आणि रेशन दुकानदारांनी, ज्यांना आपण एरवी उठताबसता चोर म्हणतो त्यांनी, साथीच्या भीतीतही दुकानं उघडी ठेवली. मशीनवर गिऱ्हाइकाच्या अंगठ्याची सक्ती तात्पुरती काढली गेली. ज्यांचं कार्ड केशरी पण अन्न सुरक्षेच्या यादीत नाव नाही, त्यांनाही मे आणि जून २०२०मध्ये राज्य सरकारनं ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ दिला. शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ वर आणली, दुसऱ्या लाटेत ती फुकट केली. नाणेनिधीच्या २०२२च्या एका शोधनिबंधात तर असा दावा आहे की या धान्यामुळे भारतातलं टोकाचं दारिद्र्य साथीच्या वर्षातही वाढलं नाही. त्या दाव्यावर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत, पण धान्य पोचलं नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता थोडं गणित. माणशी ५ किलो महिन्याला म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. मोफतचं धरून दुप्पट झालं तेव्हा ३३३ ग्रॅम. त्यातून अकराशे-बाराशे कॅलरी मिळतात. कोयता किंवा खुरपं चालवणाऱ्या माणसाची गरज याच्या दुपटीच्या आसपास. बरं, धान्य पूरक म्हणून दिलंय, बाकीचं माणूस कमावून आणेल, असं त्यामागचं गृहीत. पण टाळेबंदीत कमाईच बंद होती. आणि डाळ? ती कुटुंबाला महिन्याला एक किलो. पाच माणसांच्या घरात ती वाटली तर डोई दिवसाला पावणेसात ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात डाळी-अंडी-मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम धरलेले आहेत. टीव्हीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा, प्रथिनं खा, फळं खा’ असा धोशा चालला होता त्याच महिन्यांतली ही पावणेसात ग्रॅम. बरं, तीही नोव्हेंबर २०२०पर्यंतच. मे २०२१मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा धान्य आलं, डाळ गळाली. आणि सातारा-सांगलीला खरा तडाखा कोणत्या लाटेनं दिला? दुसऱ्या. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले तेव्हाही पुणे, सोलापूर, कोल्हापूरसोबत आपले दोन्ही जिल्हे अडकलेलेच होते. त्याच्या आदल्याच महिन्यात कृष्णा-वारणेला पूर येऊन गेला होता. २०१९चा महापूर, २०२०ची टाळेबंदी, २०२१ची लाट आणि पुन्हा पूर. ज्या घरानं पहिल्या पुरात भांडी घालवली त्यानं दुसऱ्या पुरापर्यंत शेळी विकलेली होती.

ताटातून काय गेलं हे पाहायचं असेल तर सरकारी अहवालांपेक्षा किराणा दुकानदाराची उधारीची वही जास्त बोलते. आमच्या भागातल्या एका दुकानदारानं मला त्या काळातली वही चाळू दिली होती. एका शेतमजूर कुटुंबाचं पान घ्या. टाळेबंदीपूर्वी बाजाराच्या दिवशीची नोंद अशी : तेल एक किलो, तूरडाळ अर्धा, शेंगदाणे अर्धा, अंडी सहा, गूळ, चहापूड, साखर. जून २०२०पर्यंत तेलाची नोंद ‘२० रु.’ अशी झालेली; वजन लिहायची सोयच उरली नाही, जितक्याचं बसेल तितकं. डाळ पाव किलो, तीही मसूर. अंडी नाहीत. शेंगदाणे नाहीत. शेंगदाणा जाणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. चटणी त्याची, कूट त्याचं, भाजी नसेल तेव्हा म्हाद्या त्याचा. गरिबाच्या घरातलं तेल आणि प्रथिन दोन्ही त्यात. चहापूड आणि साखर मात्र शेवटपर्यंत तशीच, उलट एक नोंद नव्यानं सुरू झालेली : पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, जवळजवळ रोज. शाळा बंद, दुपारची खिचडी बंद, पोरगं भूक भूक करतंय, तर चहात बुडवून बिस्किट. २०२१च्या पानावर तेलाचा भाव किलोला दीडशेच्या पुढं गेलेला दिसतो आणि घेण्याची रक्कम मात्र तीच, २० रुपये.

एका वहीवरून जग सांगू नये, हे मान्य. म्हणून अन्न अधिकार अभियानानं सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०मध्ये महाराष्ट्रासह ११ राज्यांत गरीब कुटुंबांची केलेली पाहणी बघा. गहू-तांदूळ खाणं कमी झालं असं सांगणारे ५३ टक्के होते, डाळ कमी झाली म्हणणारे ६४ टक्के आणि भाजीपाला कमी झाला म्हणणारे ७३ टक्के. म्हणजे टाळेबंदी उठून काही महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट. आकड्यांची चढण नीट पाहिली तर ती वही आणि ही पाहणी एकच सांगतात. जिथं रेशनचा हात पोचला तिथं पडझड कमी आहे, जिथं पोचला नाही तिथं जास्त.

आणि रेशनचा हात ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही त्यांचं काय? बीड-नगरकडून आलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबं मार्चअखेर आपल्या कारखान्यांच्या परिसरात खोपीत अडकून पडली. कार्ड गावाकडं, तोंडं इथं, मुकादमाची उचल अंगावर; एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना घरी सोडायचा निर्णय झाला. जत-आटपाडीचे, माणचे मजूर स्वतःच कोयता घेऊन बाहेर गेलेले, त्यांचीही तीच गत. उलट्या दिशेनं पाटण, जावळी, खटावचे मुंबईकर परतले. माथाडी, हमाल, हॉटेलातली पोरं. ज्यांच्या पैशावर गावाकडची चूल चालायची तेच आता चुलीसमोर बसलेले. कार्ड मुंबईत, खाणारे गावात. विटा-खानापूरचे गलाई (सोनं-चांदी गाळणारे) कारागीर देशभरातून परत आले, त्यांची तर दुकानंच बंद. मिरजेच्या माळावर पालं ठोकून राहणाऱ्या भटक्यांकडं कार्ड कसलं नि आधार कसला! रेशनकार्ड कुठंही चालावं ही सोय कागदावर त्याही वेळी होती. ज्याला ते ठाऊक होतं त्याला मशीन ओळखत नव्हतं, ज्याला मशीन ओळखत होतं त्याचा कोटा दुकानात नव्हता. भर म्हणून नवी नावं घालायला गेलं की तहसीलमधलं उत्तर : इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला सात कोटी लाभार्थी आले ते २०११च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेलं पोर त्या हिशेबात कुठं आहे?

गरिबाला किती खायला द्यावं हा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनचे जिल्हे होरपळले, त्यात सातारा होता. सांगलीचा बराच भाग तेव्हा, आणि पुढं १९४९पर्यंत, सातारा जिल्ह्यातच मोडत होता. सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. युक्तिवाद काय होता? जास्त दिलं तर लोक कामाला चटावतील, सरकारी खर्चावर आळशी होतील. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. तिकडं मद्रास इलाख्यातले आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी टेंपल यांच्याशी जाहीर वाद घातला : एक पौंड अपुरं आहेच, पण नुसत्या धान्यावर कष्टकरी माणूस तगत नाही, त्याला डाळ आणि भाजी लागते. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी, जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला यायच्या आधी, एका गोऱ्या डॉक्टरला जे कळलं ते आपल्या पारावरच्या वादात अजून उगवलेलं नाही. (टेंपल यांचं पौंडही ४५४ ग्रॅमचं होतं. ती पूर्ण मजुरी होती आणि आपली रेशनची मदत पूरक आहे, त्यामुळे थेट तुलना करणं बरोबर नाही. पण कमाईच बंद असलेल्या टाळेबंदीत ही मदत पूरक तरी कशाची, हा प्रश्न राहतोच.)

त्याच १८७७ साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. जोतीरावांचं मूळ घराणं कटगुणचं, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव. दोन्ही गावं आजच्या सातारा जिल्ह्यातली. त्यांनी घरोघर धान्य वाटण्यावर भागवलं नाही. मुलांना एका ठिकाणी जमवून शिजवलेलं जेवण घातलं. फरक लहान दिसतो, पण या सगळ्या विषयाची मेख त्यात आहे. घरी दिलेला शिधा घराच्या पातेल्यात जातो. त्या पातेल्यात आधी कमावता पुरुष जेवतो, मग म्हातारी माणसं, मग पोरं आणि शेवटी खरवड बाईच्या वाट्याला. यात कुणी दुष्ट नसतो. टंचाईत घर तसंच चालतं. पोराच्या पुढ्यात ठेवलेलं ताट मात्र पोराच्याच पोटात जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं असणार. मुलाला शिकवायचं तर आधी त्याला एका पंगतीत बसवून खाऊ घालावं लागतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते वह्या-पुस्तकांसाठी नव्हे, बोर्डिंगातल्या पोरांची चूल विझू नये म्हणून.

साथीत आपण पहिली विझवली ती हीच चूल. मार्च २०२०च्या मध्याला शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात भरले ते १ डिसेंबर २०२१ला. साथीत मुलं एकत्र जमवणं धोक्याचं होतं, हा मुद्दा साधा नाही. २०२०च्या उन्हाळ्यात मीही शाळा उघडा म्हटलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं मार्चमध्येच लक्ष घातलं, शाळांनी शिल्लक तांदूळ-डाळी वाटल्या, अंगणवाडीताईंनी चणे, मसूर, गहू, तेलाच्या पिशव्या घरोघर नेल्या, त्याही स्वतःच्या जिवावर उदार होऊन. हे सगळं मान्य. पण शालेय पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल आहे. महिन्यात वीस दिवस शाळा भरली तर एका पोराच्या नावावर ४०० ग्रॅम डाळ होते. घरात अशी दोन पोरं असतील तर मोफत योजनेनं अख्ख्या कुटुंबाला दिलेल्या डाळीच्या जवळजवळ तेवढंच एकटी शाळा त्यांना खाऊ घालत होती. आणि हा शिधा कोरडा होऊन पातेल्यात गेला की भाजीचे ५० ग्रॅम पहिल्यांदा गळतात. भाजी पिशवीत टिकत नाही. दारूची दुकानं मे २०२०मध्ये अटी घालून उघडता आली. चार-चार पोरांना अंतरावर बसवून खिचडी वाढता येईल का, यावर गंभीरपणे डोकं चालवल्याचं मला तरी कुठं दिसलं नाही.

दुधाची गोष्ट तर चीड आणणारी. हॉटेलं, मिठाई, लग्नं बंद पडली आणि गाईच्या दुधाचा भाव लिटरला १८-२० रुपयांपर्यंत घसरला. आपले दोन्ही जिल्हे दुधाचे. शेतकऱ्यांनी जुलै-ऑगस्ट २०२०मध्ये रस्त्यावर दूध ओतलं. राज्य सरकारनं रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायची ठरवली. म्हणजे एकाच तालुक्यात संकलन केंद्रावर दूध परत जातंय आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीत पोरं काळा चहा पितायत. मधला दुवा जोडायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत होतं? आदिवासी भागातल्या बालकांना आणि मातांना भुकटी द्यायचा निर्णय त्याच वर्षी झाला, म्हणजे कल्पना सुचली होती. जत, आटपाडी, माण त्या कल्पनेत नव्हते. भाजीचंही तसंच. आठवडी बाजार बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद; मिरज-तासगावची द्राक्षं ऐन हंगामात बेदाण्याच्या रॅकवर गेली, कोबी-टोमॅटोवर ट्रॅक्टर फिरला. पुरवठा मुबलक आणि ताट रिकामं, असा तो उन्हाळा.

आता माजलेल्या माणसांकडं वळू. बागायतदाराची तक्रार खोटी नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि द्राक्षाचा भाव कुणाच्या हातात नाही. पण कारण रेशन आहे का? चार माणसांच्या घराला महिन्याला २० किलो धान्य मिळतं. बाजारभावानं त्याची किंमत सहा-सातशे रुपये होते, म्हणजे बाईची दोन-अडीच दिवसांची मजुरी. तेवढ्यासाठी उरलेले सत्तावीस दिवस माणूस घरी बसेल? तेल, मीठ, गॅस, पोरांची फी, बचतगटाचा हप्ता हे सगळं कुठून येणार? फुकट धान्यानं झालं असेल तर इतकंच झालं की पडेल त्या मजुरीला, पडेल त्या वेळेला हो म्हणायची लाचारी थोडी कमी झाली. घरात आठ दिवसांचं पीठ असलं की बाई दोनशे रुपयांच्या कामाला नाही म्हणू शकते. याला माज म्हणायचं तर म्हणा. १८७७ला हेच म्हटलं गेलं होतं. रोजगार हमी आली तेव्हाही हेच म्हटलं गेलं, आणि ती कल्पना मांडणारे वि. स. पागे तर सांगली जिल्ह्यातलेच. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात त्या कामांवर माणसं खडी फोडत होती, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खात होती, आणि पोरांना सुकडी मिळत होती. सुकडीला आज हसतात लोक. पण पीठ, गूळ आणि तेल एकत्र करून हातावर ठेवलेला तो घास नुसत्या तांदळापेक्षा शहाणा होता.

दुसरा आरोप : रेशनचा तांदूळ विकतात. विकतात, उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. गल्लीत मोटारसायकलवर वजनकाटा घेऊन येणारा, तांदूळ आहे का म्हणून हाळी देणारा माणूस कुणी पाहिला नाही? बारा-पंधरा रुपयांनी घेतो आणि पुढं त्याचं काय होतं ते वेगळं प्रकरण. त्यातले काही पैसे देशी दारूच्या दुकानात जातात हेही झाकायचं कारण नाही. पण जत-माणचं माणूस मुळात ज्वारी-बाजरी खाणारं. हुलग्याचं माडगं, मटकी, शेंगदाणा, रानातली पाथरी-घोळ हे त्याचं जुनं कोरड्यास. पाणी आलं तिथं ऊस-द्राक्ष आलं, हुलगा गेला. रेशननं तांदूळ आणला. ज्याला महिन्याला चार किलो तांदूळ पुरतो त्याच्या घरात दहा किलो येऊन पडला तर उरलेला तो विकणारच, आणि त्या पैशातून बहुतेक घरांत तेल येतं. विक्री ही तांदळाच्या चैनीची खूण मानणाऱ्यांनी एकदा वाण्याला विचारावं की तो पैसा कशावर फिरतो. सरकार गरिबाला हवं ते देत नाही, म्हणून गरीब तोट्यात अदलाबदल करून ते मिळवतो. बाजारात याहून कितीतरी महाग असलेला तांदूळ बारा रुपयांना जातो, त्या मधल्या पैशांचा धनी मोटारसायकलवाला.

मग धान्याऐवजी पैसेच द्या, म्हणणारे येतात. शांत काळात या म्हणण्यात दम आहे, आणि ‘माणसाला काय खावं ते कळतं’ हा त्यामागचा विचार मला पटतोही. साथीत मात्र तो कोलमडतो. एप्रिल ते जून २०२० जनधन खात्यांत बायकांना महिना ५०० रुपये आले. बँकेसमोर उन्हात रांगा लागल्या, बाजार बंद, आणि तेल-डाळींचे भाव चढे. पैसा भाववाढीत विरघळतो. एक किलो डाळ एक किलोच राहते. शिवाय नवऱ्याच्या हाती पडलेली नोट आणि पोराच्या ताटात पडलेलं अंडं यांचा प्रवास एकच असतो असं मानायला बराच भाबडेपणा लागतो.

आणि हे सगळं घडलं ते धडधाकट शरीरांवर नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९च्या डिसेंबरात संपलं, म्हणजे विषाणू यायच्या आधी. तेव्हाच राज्यातली ३५ टक्के बालकं वयाच्या मानानं खुजी होती, ५४ टक्के बायकांच्या आणि जवळपास ६९ टक्के लहान मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. चौथ्या फेरीत मुलांचा हा आकडा ५४च्या आसपास होता. साथीच्या आधीच घसरणीला लागलेल्या शरीरांतून आपण दोन वर्षं डाळ-अंडं काढून घेतलं. १९१८च्या इन्फ्लुएंझात मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं. साथ आणि रिकामं ताट एकमेकांचा हात धरूनच फिरतात, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त दिवस मुक्कामाला राहतं.

रेशनमध्ये डाळ आणि तेल देणं परवडणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी तामिळनाडूकडं बघावं. तिथं रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटरनं कित्येक वर्षं मिळतंय. ते राज्य बुडालेलं नाही. त्याहून जवळचं उदाहरण हवं तर जतच्या सीमेवर उभं राहा. पलीकडं कर्नाटकातल्या सरकारी शाळेत पोराला अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. अलीकडं जतच्याच कन्नड शाळेत तीच भाषा बोलणारं, बहुधा त्याच नात्यातलं पोर नुसत्या खिचडीवर. आपल्याकडं नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५मध्ये राज्यानं त्याचे पैसे बंद केले. हवं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना कळवलं. साथीतून आपण काय शिकलो याचं याहून स्पष्ट उत्तर कुठं शोधायचं? मोफत धान्य आणखी पाच वर्षांसाठी वाढवलं जातं, त्यावर दोन्ही बाजूंनी लेख पडतात. आठवड्याचं एक अंडं जातं, त्यावर पारावर एक शब्द निघत नाही.

दरवर्षी पावसाळ्याआधी दोन्ही जिल्ह्यांत पूरनियोजनाच्या बैठका होतात. बोटी किती, लाइफ जॅकेटं किती, कुठल्या गावानं कुठल्या शाळेत हलायचं, सगळं कागदावर असतं, कारण २०१९नं शिकवलं. त्याच पुरात सांगलीत मंडळं, तालमी, देवस्थानं आणि साध्या गृहिणींनी रोज हजारो माणसांचा स्वयंपाक केला होता, त्यामुळे इथं मोठी चूल पेटवायला माणसं मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. साथ आली तर शाळेतली चूल कोण सुरू ठेवेल, वस्तीवर शिजवलेलं कसं पोचेल, परतलेलं दूध कुठल्या अंगणवाडीकडं वळेल आणि कार्ड नसलेल्या पालावर कोण जाईल, एवढे चार रकाने त्या कागदावर वाढवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. जिल्हा परिषद सदस्यांनी पुढच्या बैठकीत ते मागावेत. आणि छाटणीला माणूस मिळत नाही म्हणून चिडलेल्या बागायतदारानं रेशनच्या पोत्यावर राग काढण्याआधी आपल्याच बागेत दुपारी बायकांचे डबे उघडतात तेव्हा चपातीसोबत काय असतं ते बघावं.